न घेतलेला कौल

देवाने मला नाही म्हटलं नव्हतं. मी देवाला विचारलंच नव्हतं. हे मी तोंडाने तीनदा सांगितलं आहे, एकदा देवळात, एकदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि एकदा बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये. एकदा बँकेच्या कागदावर लिहूनही दिलं. तरी ते मनातून जात नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून काढते. हे कोणाला दाखवायचं नाही.

आमची बिल्डिंग मालवणहून कुडाळला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपते तिथे आहे. तीन मजले, बारा घरं. कमी पैशांत घर मिळतंय म्हणून सगळे इथे आलो. एक एसटीचे कंडक्टर आहेत, दोघी हॉटेलात भाकऱ्या करायला जातात, एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी पहिल्या मजल्यावर राहते. माझा नवरा गोव्यात गाडी चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. घर माझ्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतलं तर रजिस्ट्रेशनला थोडी सूट मिळते असं कोणीतरी नवऱ्याला सांगितलं, म्हणून माझं नाव लागलं. त्याआधी माझी सही कुठे लागली नव्हती. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि होडीतून एकटी मुलगी कशी पाठवायची, म्हणून ते तिथेच राहिलं. वाचायला मला येतं, लिहायलाही येतं, पण चार माणसांत बोलायला येत नाही. मीटिंग असली की मी खांबाच्या मागे बसते आणि चहाचे कप गोळा करायचं काम मागून घेते, म्हणजे मला कोणी काही विचारत नाही.

बिल्डिंगचं दुखणं दोन ठिकाणी होतं. एक पाण्याचा पंप. तो जुना, विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना असा ओरडायचा की शेजारच्या वाडीतली कुत्री त्याला उत्तर द्यायची. त्याचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल सगळ्यांत वाटलं जायचं आणि ते इतकं यायचं की सोसायटीकडे दुसऱ्या कशाला पैसे उरत नसत. वादळात वीज गेली की दोन दोन दिवस पाणी नाही.

दुसरं दुखणं तिसऱ्या मजल्यावर. बिल्डरने वरचा स्लॅब पातळ घातला आहे. मार्चपासून वरची घरं भट्टीसारखी तापतात. तिथे वैनी राहतात. वैनी म्हणजे माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत, सगळेच त्यांना वैनी म्हणतात. त्या सकाळी हॉटेलात भाकऱ्या करतात. त्यांचे यजमान आधी रिक्षा चालवायचे, आता अर्धं अंग गेल्यामुळे खाटेवर असतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. बोलणं थोडं अडखळतं, पण थट्टा सुटली नाही. एकदा मी त्यांना पेज द्यायला गेले तेव्हा छताकडे बोट दाखवून म्हणाले, "वर तवो, खाली मी भाकरी. उलटूक कोणतरी व्हया."

या दोन्ही दुखण्यांवर टीचरनी औषध शोधलं. टीचर तळमजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या, रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये जातात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्यांनी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन, बँकेत बसून सगळी माहिती काढली. गच्चीवर सोलर बसवायचे, पंप नवीन कमी वीज खाणारा घ्यायचा, जिन्यात नवे दिवे, आणि उरलेल्या गच्चीला पांढरा थर द्यायचा, म्हणजे ऊन मागे फिरतं आणि खालचं घर थंड राहतं. खर्चाचा काही भाग सरकार अनुदान म्हणून देणार होतं. बाकीचं बँक सोसायटीला कर्ज देणार होती.

कर्ज म्हटल्यावर सगळे मागे सरले. तेव्हा टीचरनी शाळेत शिकवावं तसं समजावलं. आज पंपाचं आणि दिव्यांचं जेवढं बिल आपण भरतो, तेवढेच पैसे दर महिन्याला काढत राहायचं. सोलर लागल्यावर बिल अगदी थोडं येईल. उरलेले पैसे म्हणजे बँकेचा हप्ता. हप्ते फिटले की ते पैसे आपले. घरटी जास्तीचं ओझं नाही, फक्त सुरुवातीला थोडी थोडी रक्कम घालायची. कंडक्टरनी तिकिटांच्या मशीनवर बोटं चालवावीत तशी मोबाइलवर चालवून हिशोब पडताळला आणि बरोबर आहे म्हणाले. सुरुवातीची रक्कम सगळ्यांत आधी वैनींनी आणून दिली. बँकेची एकच अट होती. बाराही घरमालकांची संमतीपत्रावर सही पाहिजे, एकही कमी चालणार नाही. आणि अनुदानाची मुदत मार्च अखेरपर्यंत.

अकरा सह्या दोन दिवसांत झाल्या. बारावी माझी होती.

मला सही का करायची नव्हती ते सांगते. मी एप्रिल-मेमध्ये सोलं, म्हणजे आमसुलं करते. बाजारातून पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं आणायची, फोडून बिया काढायच्या, सालं मीठ घालून त्याच रसात भिजवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात टाकायची. असं चार-पाच दिवस केलं की काळी, मऊ, चिकट सोलं होतात. ती मी मालवणातल्या एका दुकानाला देते. पर्यटक घेतात. वर्षभरात माझ्या हातात माझे म्हणून जे पैसे येतात ते तेवढेच. आणि ही सोलं मी गच्चीवर, विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात वाळवते. तिथे सकाळी ऊन येतं ते संध्याकाळपर्यंत हटत नाही. सहा वर्षं मी तिथे चटया घालते. कोणाला विचारलं नाही, कोणी मला हटकलं नाही. सोलर आले की तो कोपरा जाणार होता. गच्ची सगळ्यांची आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच मला बोलता येईना. बोलले असते तर कोणीतरी विचारलं असतं, तो कोपरा तुझा कधी झाला? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टीचर कागद घेऊन घरी आल्या. पेन पुढे केलं. मी पेन घेतलं, आणि तोंडातून निघून गेलं, "माका देवाक विचारूक व्हया. कौल घेवन सांगतंय."

हे आमच्याकडे काही नवीन नाही. लग्न, घर, कर्ज, मोठी गोष्ट कोणतीही असो, लोक गावदेवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. कंडक्टरनी स्वतःची रिक्षा घ्यायची की नाही हे कौल लावून ठरवलं होतं आणि घेतली नव्हती. त्यामुळे माझं बोलणं कोणाला विचित्र वाटलं नाही. टीचर म्हणाल्या, बरं आहे, पण मुदत जवळ आहे, लवकर जाऊन ये.

मी गेले. खोटं सांगायचं ठरवून गेले नव्हते, एवढं मात्र खरं आहे. माझ्या सासरचं गाव कुडाळच्या आत, दोन गाड्या बदलून जावं लागतं. पिशवीत नारळ, अगरबत्ती आणि गुरवाला दक्षिणा होती. देवळात पोचले तेव्हा दुपार व्हायची होती. सभामंडपात कोणी नव्हतं. गुरव मागच्या अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते, त्यांची पाठ मला दिसत होती. हाक मारली असती तर उठून आले असते.

मी पायरीवर बसले. मनात म्हटलं, आता कळी उजवीकडची पडली तर? तर सही करावी लागेल. देवाने हो म्हटल्यावर कोणतं तोंड घेऊन नाही म्हणू? आणि जसजशी बसले तसतसं मला पक्कं वाटायला लागलं की उजवाच पडणार. माझ्याच मनाला माहीत होतं काय योग्य आहे. अर्धा तास बसले असेन. मग नारळ देवळाच्या बाहेरूनच उंबऱ्याशी ठेवला, हात जोडले आणि परत फिरले. गुरवांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत मी काय सांगायचं ते ठरवत होते. ठरवायचं काही नव्हतं. तीन शब्द होते.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सगळे जमले होते. टीचरनी विचारलं. मी खांबाला हात लावून म्हटलं, "कौल डावो पडलो."

कंडक्टर म्हणाले, "देवळावर सोलरचो दिवो लागलो आसा. तेवा देवान कोणाक विचारल्यान?" दोघं-तिघं हसले. सायकलवाल्यांनी पुन्हा कौल लावता येतो का विचारलं, दुसऱ्या देवाकडे जाता येतं का विचारलं. मी खाली बघत होते. टीचरनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "देवाच्या शब्दाक उलट बोलू नये. तिचो देव, तिका म्हायती."

आणि विषय तिथेच संपला. टीचरनी बँकेला पत्र लिहिलं की एका सभासदाची संमती मिळाली नाही. महिना संपला, अनुदानाची मुदत गेली. सुरुवातीची रक्कम टीचरनी घरोघर जाऊन परत केली. वैनींना देताना मी जिन्यात होते. वैनींनी ते पैसे न मोजता पदरात बांधले.

मला हायसं वाटलं असं लिहायला लाज वाटते, पण वाटलं. एप्रिल लागला, रातांबे आले, मी कोपऱ्यात चटया घातल्या.

त्या वर्षी ऊन फार होतं. वैनी हॉटेलातून दुपारी परत आल्या की बादल्या भरून गच्चीवर चढायच्या आणि आपल्या घरावर येतो तेवढ्या स्लॅबवर पाणी ओतायच्या. चार बादल्या, पाच बादल्या. पाणी पडायचं तसा स्लॅब चर्र करायचा, आणि त्या दुसरी बादली घेऊन परत यायच्या तोवर सुकलेला असायचा. पाणी तर मोजकंच मिळायचं. त्यांच्या वाटणीचं ते त्या छतावर घालायच्या आणि कपडे दोन दिवसांनी धुवायच्या. मला दिसायचं. मी सोलं उलटत असायचे. त्या बादली कलती करताना पायाने बांध घालायच्या, माझ्या चटईकडे ओघळ जाऊ नये म्हणून.

एक दिवस मी बाजारात गेले होते आणि आभाळ अचानक भरून आलं. धावत आले, गच्चीवर गेले, तर चटया नाहीत. सगळी सोलं टाकीच्या खाली, कोरड्या जागेत, वर फडकं घालून ठेवलेली. वैनींनी केलं होतं. दादांना तसंच सोडून वर आल्या होत्या. मी त्यांच्या दारात गेले, थँक्यू म्हणायला. आत दादा ओला पंचा अंगावर घेऊन पडले होते. वैनींनी मला आत ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "माका एक सांग गो. देवाचो राग आमच्यार तर नाय मां?"

मला कळेना काय बोलतात.

त्या बोलत राहिल्या. म्हणाल्या, सगळ्या बिल्डिंगला सोलर पाहिजे होते, पण सगळ्यांत जास्त गरज आमची होती. आणि देवाने नको म्हटलं. म्हणजे ते सुख आमच्या नशिबात येऊ नये असंच देवाचं म्हणणं असणार. आमच्याकडून काहीतरी चुकलं असेल. यांनी रिक्षा चालवताना कोणाच्या देवळासमोर काही केलं असेल. तेच निस्तरायला पाहिजे. मी तुझ्या गावच्या देवाला एक नारळ देते, गाऱ्हाणं घालते, चुकलं असेल तर माफ कर म्हणून सांगते. तू फक्त वाट दाखव.

मी म्हटलं, देवळात सध्या रंगकाम चाललं आहे. आता हेही खोटंच. वैनी म्हणाल्या, "रंगवणाऱ्यांक सांगतंय, जरा बाजूक जावा." आणि हसल्या. मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी कारणं काढत होते. डोकं दुखतंय, रातांबे सडतील, नवरा येणार आहे. तिसऱ्या दिवशी वैनी नारळ घेऊन, स्वच्छ लुगडं नेसून, दाराशी उभ्या राहिल्या. हॉटेलात सुट्टी मागितली होती. दादांकडे लक्ष द्यायला शेजारच्या बाईला सांगून आल्या होत्या. आता नाही कसं म्हणणार? आम्ही निघालो. दोन गाड्या बदलल्या. वाटेत वैनींनी खिडकीबाहेर बघत मला सांगितलं की देव बोलला हे एक बरं झालं, नाहीतर चूक कळलीच नसती.

या वेळी गुरव सभामंडपातच होते, समया पुसत. मला ओळखलं, सासऱ्यांचं नाव घेऊन चौकशी केली. वैनींनी नारळ पुढे केला आणि आपलं म्हणणं सांगायला लागल्या. आमच्या बिल्डिंगवर सोलर बसणार होते, तुमच्या देवाने डावा कौल दिला, आमचं काय चुकलं ते विचारा.

गुरवांनी हात फडक्याला पुसले. माझ्याकडे पाहिलं. "कधी लायलो होतो कौल?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, आठवत नाही म्हणून.

वैनी पण माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "मी कौल घेवक नाय. मी खोटा सांगलंय."

माझा आवाज इतका लहान होता की मला वाटलं कोणाला ऐकू गेला नसेल. पण देवळात दुसरं काही वाजत नव्हतं. वैनींनी विचारलं, "कित्या?" मी म्हटलं, "सोलांसाठी." त्यांना पहिल्यांदा उमजलं नाही. मग मी सांगितलं, कोपरा, ऊन, चटया, सगळं. तुटक तुटक सांगितलं. सांगून झाल्यावर ते किती थोडं होतं असं वाटलं. एवढं पार्किंगमध्ये सांगायला मला पाच मिनिटं लागली नसती.

गुरव एवढंच म्हणाले की यात देवाला बोल लावू नका. मग वैनींना विचारलं, नारळ द्यायचा की परत नेणार? वैनी म्हणाल्या, द्या, यांच्या तब्येतीसाठी द्या. गुरव गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर हजर असतील त्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. देवळात आम्ही दोघीच. वैनींच्या नवऱ्याचे हातपाय चालू देत म्हणून मागणं चाललं होतं. पहिल्या ओळीला वैनी एकट्या म्हणाल्या. दुसऱ्या ओळीला गुरव माझ्यासाठी थांबले. मी म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. पण प्रत्येक वेळी तोंड उघडताना वाटायचं की देव ऐकतोय आणि त्याला हा आवाज कोणाचा आहे ते माहीत आहे.

परतीच्या गाडीत वैनी पुढच्या सीटवर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसल्या आणि सगळी वाट तिच्याशी बांगड्याच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. मला त्यांच्या डोक्यातली अबोली दिसत होती. मालवणला उतरल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या. "टीचरांका तू सांगतलंस की मी सांगू?"

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी गेले. टीचर मांजराला बांगड्याची डोकी घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी मांजराची ताटली खाली ठेवली, हात धुतले, आणि मला बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांना थोडा संशय आला होता. मला बोलताना पाहून शाळेतल्या मुली आठवल्या होत्या. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, इगर्जीत जाणारी बाई आमच्या देवाची झडती घेते.

हे मला माहीत होतं. खांबाला हात लावून खोटं बोलत होते तेव्हा कुठेतरी आत मला माहीत होतं की टीचर काही बोलणार नाहीत, त्यांना बोलताच येणार नाही. मी देवाच्या आड लपले एवढंच लोकांना ठाऊक आहे. मी टीचरच्या सभ्यपणाच्या आडही लपले होते. हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांना ते कळलं असेल.

मग मी हिंमत करून विचारलं की कोपरा वाचला असता का, मी आधी बोलले असते तर. मला वाटलं होतं त्या हो म्हणतील, आणि मग मला आणखी वाईट वाटेल. टीचर सरळ बोलणाऱ्या. "तुझ्या कोपऱ्यारच ऊन सगळ्यात जास्ती पडता. म्हणानच पॅनेल थंय येतले. ह्या मी तुझ्यापासून लपवूचंय नाय." आधी बोलली असतीस तर दुसरी काही सोय बघितली असती, कदाचित झाली असती, कदाचित नसती झाली, असंही म्हणाल्या.

रविवारी मीटिंग बोलावली. मी खांबाच्या पुढे उभी राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. कौल घेतला नव्हता, आता सही करते, असं काहीतरी. कंडक्टर म्हणाले, "म्हणजे देव सुटलो." काही जण हसले, आणि ते हसले ते बरंच झालं. सायकलवाले हसले नाहीत. त्यांच्या बायकोने तिथेच विचारलं की आता अनुदान गेलं त्याचं काय. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी जिना उतरताना त्या चढत असल्या तर भिंतीकडे बघतात. वैनी मीटिंगला आल्याच नाहीत.

मे महिना तसाच होता. मी वैनींना निरोप पाठवला की दुपारी दादांना माझ्या घरी आणा, पहिला मजला थंड असतो. उत्तर आलं नाही. मग स्वतः जाऊन सांगितलं. वैनी म्हणाल्या, नको, आमचं चालतंय. पुन्हा गेले. पुन्हा नको. मी सोलांच्या चटया त्या दिवसापासून घातल्याच नाहीत, रातांबे निम्म्या भावात शेजारणीला दिले, पण ते वैनींना सांगून काय करायचं? त्यांना त्याचा काय उपयोग?

एका दुपारी वीज गेली आणि पंखे बंद पडले. थोड्या वेळाने जिन्यात गडबड ऐकू आली. कंडक्टर आणि आणखी तिघे दादांना खुर्चीत बसवून खाली आणत होते. वैनी मागे होत्या. मी दार उघडलं, हॉलमधली खाट मोकळी केली. दादांना त्यावर निजवलं. त्यांनी खाटेवरून फरशीला हात लावून बघितला, थंड होती. मला म्हणाले, "आता भाकरी खाली इली." मी हसले नाही, मला जमलं नाही. वैनी उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या होत्या. औषधाच्या वेळा सांगितल्या आणि वर गेल्या. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत दादा रोज दुपारी माझ्या घरी असायचे. वैनी उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि कामापुरतं बोलायच्या.

पाऊस सरल्यावर टीचरनी परत अर्ज तयार केला. अनुदान नव्या वर्षासाठी सुरू झालं होतं, पण सामान महाग झालं होतं. बँकेने सांगितलं, हप्ते आधी ठरले होते त्यापेक्षा एक वर्ष जास्त चालतील. बारा घरांना एक वर्ष जास्त. ते वर्ष माझं आहे. दर महिन्याला बारा घरं ते भरतील आणि त्यात दादाही असतील.

फॉर्मवर एक रकाना होता. मागच्या वेळी अर्ज का मागे घेतला, कारण. टीचर म्हणाल्या, वैयक्तिक कारण असं लिहू, बँकेला तेवढं पुरतं. मी म्हटलं, खरं लिहायचं. त्या म्हणाल्या, मग तूच लिही. मी पेन घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं. "गच्चीवरच्या माझ्या कामाची जागा जाईल म्हणून मी देवाचा कौल डावा आला असे खोटे सांगितले." खाली सही केली. चौथीतलं अक्षर आहे, मोठं आणि गोल, रकान्यात मावलं नाही.

गेल्या आठवड्यात बँकेचे साहेब पाहणीला आले. नवीन आहेत, घाटावरचे. आधी गच्ची बघितली, माझ्या कोपऱ्यात उभं राहून मोबाइलमध्ये फोटो काढले. मग पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांसमोर एकेक कागद मोठ्याने वाचून त्यावर खूण करायला लागले. बाराही घरांची माणसं होती. वैनीही आल्या होत्या, पुढच्या बाकावर बसल्या होत्या. साहेब त्या रकान्याशी आले. माझं वाक्य त्यांनी निम्मं वाचलं आणि थांबले. चष्मा वर करून विचारलं, "हा कौल म्हणजे काय?"

कंडक्टर मोबाइलमध्ये बघायला लागले. मी उठायला पाहिजे होतं. माझं लिहिलेलं होतं, मीच सांगायला पाहिजे होतं. सगळं कबूल करून झाल्यावर, लिहून दिल्यावरही मी परत त्या खांबाच्या मागे बसले होते.

वैनी साहेबांशी बोलतात तशा शुद्ध बोलल्या. "ते आमच्यातलं आहे, साहेब. मिटलं ते. तुम्ही पुढचं वाचा."

साहेबांनी खूण केली आणि पुढचा कागद घेतला. वैनींनी मागे वळून पाहिलं नाही. मी कप गोळा करायला उठले.